डाव्या बरगडीत चमक, ईसीजी नॉर्मल, तरी झोप नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ४१. तीन आठवडे छातीच्या डाव्या बाजूला बरगड्यांत दुखतंय. खोल श्वास घेतला, कूस बदलली, शिंक आली की चमक निघते. त्या जागी दाबलं की जास्त दुखतं. दोन ईसीजी झाले, दोन्ही दुखत असतानाच, दोन्ही नॉर्मल. एक डॉक्टर म्हणाले गॅस, दुसरे म्हणाले स्नायू. सिगारेट नाही, मधुमेह नाही. आणि अगदी शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहावं तसं, तुम्ही लिहिलंय की त्याआधी पंधरा दिवस जोराचा खोकला होता, तो आता गेला. विचारलंय असं की तीन आठवडे झाले तरी कसं दुखतंय, हे हृदयाचं तर नाही ना, आणि एकदाचा सीटी स्कॅन करून टाकू का?

मी फिजिशियन आहे आणि छातीत दुखतंय म्हणून आलेला माणूस पाहिला नाही असा दिवस क्वचितच जातो. तुम्ही ‘हृदय की बरगडी’ असं विचारताय, पण मला तुमची अडचण थोडी वेगळी दिसते. दोन डॉक्टरांनी तुम्हाला दोन नावं दिली, ती कशावरून दिली हे कुणीच सांगितलं नाही. त्यामुळे हातात कागद दोन आणि मनात धाकधूक तशीच. म्हणून इथे मी ‘कशावरून’ हेच जास्त सांगणार आहे.

त्याआधी एक. छातीवर कुणी बसल्यासारखं दडपण आलं, ते जबड्यात, खांद्यात, हातात किंवा पाठीत उतरू लागलं, दरदरून घाम सुटला, मळमळ, घेरी किंवा धाप लागली, तर पुढचं वाचू नका, इमर्जन्सी गाठा. अचानक, पहिल्या क्षणापासूनच असह्य अशी फाटल्यासारखी कळ छातीत किंवा पाठीत उठली, खोकल्यातून रक्त पडलं, एक पाय सुजलाय आणि श्वासही लागतोय, तरीही तेच. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. मधुमेही, वयस्क माणसं आणि स्त्रिया यांच्यात हार्ट अटॅक कधीकधी छातीत फारसं न दुखताही येतो. नुसती धाप, गळून गेल्यासारखं वाटणं, पोटात मळमळ एवढंच असतं. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही. पण हे उत्तर तुम्ही एकटेच वाचणार नाही.

आता छातीत दुखू शकतं ते काय काय, हे थोडक्यात. लोकांना आश्चर्य वाटतं, पण फुप्फुसाच्या आतल्या भागाला वेदना कळत नाही. कळते ती बरगड्यांना आतून अस्तरासारख्या लागलेल्या आवरणाला, म्हणजे प्लुराला. त्याला सूज आली की प्रत्येक श्वासाला टोचतं. त्याच्या बाहेर बरगड्यांच्या १२ जोड्या. वरच्या ७ कूर्चेने, म्हणजे लवचिक, मऊ हाडाने, थेट छातीच्या मधल्या हाडाला जोडलेल्या, ८ ते १० या आपल्या वरच्या कूर्चेला टेकलेल्या, आणि ११-१२ पुढून मोकळ्याच. दोन बरगड्यांमध्ये स्नायू, प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने एक नस, मागे मणक्याशी सांधे. माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो, म्हणजे दिवसाला २०,००० च्या आसपास वेळा हा सगळा पिंजरा हलतो. घोटा मुरगळला तर पाय उशीवर ठेवून पडता येतं. बरगडीला रजा मिळत नाही. ‘तीन आठवडे झाले तरी कसं दुखतंय’ या तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यात आहे.

हृदयाचं दुखणं मात्र या सगळ्यापेक्षा धूसर असतं. हृदयाकडून येणाऱ्या नसा मज्जारज्जूत जिथे पोचतात, जवळपास तिथेच छातीच्या आणि हाताच्या नसाही पोचतात. मग मेंदूला नेमका पत्ता लागत नाही. त्यामुळे हृदयाचा पेशंट ‘दुखतंय’ असं म्हणतोच असं नाही. ‘आवळल्यासारखं होतं’, ‘भरून येतं’, ‘जड वाटतं’ असं काहीतरी म्हणतो.

म्हणून समोर बसलेल्याला मी आधी सांगतो, बोलू नका, कुठे दुखतं ते नुसतं हाताने दाखवा. एका बोटाने ठिपका दाखवला की मी मनातल्या मनात बरगडीकडे झुकतो. पूर्ण तळहात छातीवर फिरवला, किंवा मूठ आवळून मधोमध धरली, की खुर्चीत सरसावून बसतो. त्या मुठीला डॉक्टरांच्या भाषेत लेव्हाइनची खूण म्हणतात. हा नुसता कल आहे हं, निकाल नव्हे. पण कल कुठे आहे ते कळल्यावर पुढचे प्रश्न बरोबर विचारता येतात.

पुढचा प्रश्न, आणि नेमकं हेच तुम्ही लिहिलेलं नाही: जिने चढताना काय होतं? भराभर चालताना काय होतं? १७६८ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये विल्यम हेबर्डन या डॉक्टरांनी अंजायनाचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने होणाऱ्या दुखण्याचं, वर्णन केलं. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर लगेच चालताना, छातीत दुखायला लागतं आणि उभं राहिलं की थांबतं. ईसीजी नाही, रक्ततपासणी नाही. नुसतं पेशंटचं ऐकून केलेलं हे वर्णन आजही ओपीडीत जसंच्या तसं भेटतं. असं दुखणं साधारण २ ते १० मिनिटं टिकतं आणि थांबलं की ओसरतं. क्षणभर सुई टोचून गेल्यासारखं दुखणं सहसा हृदयाचं नसतं. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ एका जागी तसंच ठणकत राहणारंही सहसा नसतं. तुमचं दुखणं हालचालीवर आहे, पण हालचाल आणि श्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हात वर करताना, वळताना, वाकताना दुखलं तर ती हालचाल. हात न हलवता दोन मजले चढल्यावर छाती आवळली आणि थांबल्यावर सुटली, तर तो श्रम. पेशंट दोन्हींना ‘काम केलं की दुखतं’ असं म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो.

जर्मनीत कुटुंबडॉक्टरांसाठी मारबुर्ग नावाचा एक स्कोअर तयार झाला. पाच गोष्टी, प्रत्येकीला एक गुण: वय (पुरुष ५५ किंवा जास्त, स्त्री ६५ किंवा जास्त), रक्तवाहिन्यांचा आधीच असलेला आजार, श्रमाने वाढणारं दुखणं, दाबून न दुखणं, आणि हे हृदयाचंच आहे असं पेशंटला स्वतःला वाटणं. ० ते २ गुण म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असण्याची शक्यता कमी. तुम्हाला मी धरून चालतो एक गुण, आणि तो तुमच्या भीतीचा. मला हा स्कोअर आवडतो तो याचसाठी. पेशंटच्या धास्तीला त्यात जागा आहे. ‘उगाच घाबरता’ म्हणून ती उडवून लावलेली नाही. जिन्यांच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर दोन गुण होतील. तरीही आकडा ‘कमी’ गटातच राहतो, पण ‘हो’ आलं तर मी तुम्हाला ट्रेडमिल टेस्ट किंवा तशी दुसरी तपासणी केल्याशिवाय सोडणार नाही. स्कोअर माझ्या मदतीला आहे, माझ्या जागी नाही.

आता तुमचे ते दोन ईसीजी. ईसीजी हा त्या काही सेकंदांचा फोटो असतो. अंजायनाच्या पेशंटचा आराम करतानाचा ईसीजी अगदी स्वच्छ असू शकतो, कारण फोटो काढला तेव्हा हृदयावर ताण नव्हता. हार्ट अटॅक चालू असतानाही काही जणांचा पहिला ईसीजी नॉर्मल येतो, म्हणून छातीत दडपण घेऊन आलेल्या माणसाचा ईसीजी काही वेळाने पुन्हा काढतात आणि रक्तातलं ट्रोपोनिन काही तासांच्या अंतराने दोनदा बघतात. हृदयाच्या पेशींना इजा झाली की ट्रोपोनिन वाढतं, पण वाढायला वेळ लागतो. मग तुमच्या ईसीजींचा उपयोग काय? आहे, आणि बराच आहे. दोन्ही वेळी तुम्हाला दुखत होतं. दुखत असताना काढलेला नॉर्मल ईसीजी, आराम पडल्यावर काढलेल्या नॉर्मल ईसीजीपेक्षा काहीसं जास्त सांगतो. कागदावर ‘काढताना दुखत होतं’ एवढं पेनाने लिहून ठेवा. पुढच्या डॉक्टरला ती ओळ आलेखाइतकीच कामाची असते.

यानंतर येतो हात, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण बरगडीचं निदान हातानेच होतं. पेशंटला शर्ट काढून बसवायचं. आधी नुसतं बघायचं: सूज, वळ, पुरळ. मग मधल्या हाडाच्या दोन्ही कडांनी एकेक बरगडी दाबत खाली यायचं. दुसऱ्या ते पाचव्या बरगडीच्या कूर्चेच्या सांध्यावर दुखलं आणि पेशंट म्हणाला ‘हां, हेच ते’, तर कॉस्टोकॉन्ड्रायटिस, म्हणजे कूर्चेच्या सांध्याचा दाह. त्या जागी दिसण्यासारखी सूज असेल, बहुतेकदा दुसऱ्या-तिसऱ्या बरगडीवर, तर त्याला टिट्झ सिंड्रोम म्हणतात. अलेक्झांडर टिट्झ या सर्जनने १९२१ मध्ये त्याचं वर्णन केलं. ‘हेच ते’ हा शब्द महत्त्वाचा. जोराने दाबलं तर कुणाचीही छाती दुखते. मला हवं असतं ते रोजचं, ओळखीचं दुखणं माझ्या बोटाखाली जसंच्या तसं उठणं.

मग खाली. दुखणं बरगड्यांच्या खालच्या कडेला असेल तर बोटं कडेच्या आत अडकवून हलकेच पुढे ओढायची. ‘कट्’ झालं आणि तीच चमक निघाली तर आठवी ते दहावी यांपैकी एखादी बरगडी सुटून वर-खाली घसरतेय. ही भानगड फार वेळा पोटाच्या नावावर खपते. सोनोग्राफ्या होतात, एन्डोस्कोपी होते, आणि दोष असतो बोटभर कूर्चेचा.

मग बाजूला, काखेच्या रेषेत. तुमच्या बाबतीत मी इथे सर्वांत जास्त वेळ घालवला असता, त्या खोकल्यामुळे. पंधरा दिवस जोराने खोकताना बरगड्यांमधले स्नायू ताणले जातात, कूर्चेचे सांधे धरतात, आणि कधीकधी बरगडीला बारीक तडाही जातो, मार लागलेला नसताना. हा तडा बहुतेकदा मधल्या-खालच्या बरगड्यांना, बाजूच्या भागात जातो. तपासायची युक्ती सोपी आहे: एक हात छातीच्या मधल्या हाडावर, दुसरा पाठीवर, आणि हलकेच दाबायचं. दुखऱ्या जागेला हात न लावताही तिथेच कळ आली तर हाडाचा संशय बळावतो. नुसता स्नायू असेल तर सहसा थेट तिथे दाबल्यावर किंवा अंग पिळल्यावरच दुखतं. शेवटी पाठ. मणक्याच्या छातीच्या भागातले सांधे धरले की दुखणं बरगडीच्या वाटेने पुढे येतं, आणि पेशंट पुढचीच जागा दाखवत राहतो. मागे कुणी हात लावलेलाच नसतो.

आता एक अडचण प्रामाणिकपणे सांगतो. ‘दाबून दुखतंय ना, मग हृदय नाही’ हे वाक्य मीही सुरुवातीच्या वर्षांत बिनधास्त म्हणायचो. एक गृहस्थ छातीत दुखतंय म्हणून आले, दाबलं की ओय करायचे. मी बरगडी म्हणून गोळ्या लिहिणार तेवढ्यात त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. पंखा चालू होता. ईसीजी काढला तर हार्ट अटॅक. बरगडीही दुखत असेल, कोण जाणे. एकाच माणसाला दोन आजार असायला बंदी नाही. तेव्हापासून दाबून दुखणं हा माझ्या लेखी बरगडीच्या बाजूचा चांगला साक्षीदार आहे, पण त्याच्या एकट्याच्या साक्षीवर मी हृदयाला सोडत नाही.

गॅसबद्दल थोडं. जेवणानंतर, आडवं पडल्यावर, वाकल्यावर छातीच्या मधोमध जळजळ वर चढते, तोंडाला आंबट येतं, तो आम्लपित्ताचा त्रास. छातीतल्या दुखण्याचं ते अगदी नेहमीचं कारण आहे. पण तुमचं दुखणं श्वासावर आणि कुशीवर हलतंय, जेवणाशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे मला गॅस पटत नाही. आणि अँटासिडने बरं वाटलं म्हणजे हृदय नव्हतं, असा उलटा निष्कर्ष कुणीही काढू नये. हृदयाच्या दुखण्यावर देतात त्या जिभेखालच्या गोळीचंही तसंच आहे. ती अन्ननलिकेचा पेटकाही सोडवते, म्हणून तिने थांबलं ते हृदयाचंच, असंही होत नाही.

श्वासावर टोचणाऱ्या दुखण्यात आणखी काही नावं असतात. ताप, बेडका आणि टोचणं असेल तर न्यूमोनिया किंवा प्लुराची सूज. उंच, सडपातळ तरुणाला अचानक एका बाजूला कळ येऊन धाप लागली तर फुप्फुसाबाहेर हवा साठली असू शकते. ऑपरेशन, लांबचा बसून प्रवास, प्लॅस्टर, बाळंतपण, गर्भनिरोधक गोळ्या यांपैकी काही पाठीशी असेल आणि अचानक धाप व टोचणं आलं तर फुप्फुसात रक्ताची गुठळी. ही चुकवून चालत नाही. आडवं पडलं की वाढतं आणि पुढे झुकून बसलं की बरं वाटतं, ते हृदयाच्या आवरणाची सूज. उजव्या बरगड्यांखाली दुखून खांद्याकडे जात असेल तर पित्ताशय बघायचं. तुमच्या वर्णनात यांपैकी कुणी बसत नाही. तरी नाडी, श्वासाचा वेग, ऑक्सिजन आणि ताप हे चार आकडे कुणीतरी घेतलेत का, ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे आणि घाईत नेमकं तेच राहून जातं.

नागीण मात्र वेगळी सांगायलाच हवी, कारण मी ती चुकवली आहे. एका बाईंना बरगडीच्या पट्ट्यात आग होत होती, कपडा लागला तरी झोंबायचं. कातडी स्वच्छ. मी स्नायू म्हणालो. चौथ्या दिवशी त्या परत आल्या तेव्हा पाठीपासून पुढपर्यंत अर्ध्या बाजूला पाण्याच्या फोडांचा पट्टा होता. नागिणीत फोड येण्याआधी काही दिवस नुसतं दुखतं, आणि औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केलेलं चांगलं. आता आग आणि झोंबणं असे शब्द ऐकले की मी सांगून ठेवतो, रोज आरशात पाठ बघा, एक फोड दिसला तरी त्याच दिवशी या. तुमचे तीन आठवडे उलटलेत, त्यामुळे तुमच्यासाठी हा धोका जवळपास मागे पडला.

सीटी स्कॅन. माझं मत, आत्ता नको. कूर्चा साध्या एक्स-रेत दिसत नाही, स्नायूचा ताण सीटीत नीट दिसत नाही, आणि बरगडीचा बारीक तडा सीटीत सापडला तरी उपचार तोच राहतो जो आता करायचाय. एक्स-रे मी काढीन, पण बरगडीसाठी नाही. तिचे तडे एक्स-रेत बऱ्याचदा सुटतात. काढीन तो पंधरा दिवसांच्या खोकल्यामागे फुप्फुसात काही राहिलंय का ते बघायला. बरगडीच बघायची असेल तर तिथल्या तिथे सोनोग्राफी केलेली बरी. सीटीची पाळी कधी येते? फुप्फुसातल्या गुठळीचा किंवा महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) फाटल्याचा संशय असेल तर त्याच तासाला. आणि दुखणं रात्री झोपेतून उठवत असेल, हलो न हलो सारखंच राहत असेल, वजन उतरत असेल, ताप येत असेल, बरगडीवर गाठ लागत असेल, किंवा आधी कधी कॅन्सर झालेला असेल तर. तुमची झोप जाते ती कूस बदलताना की आपोआप, हे लक्षपूर्वक बघा. दोन्हींत फरक आहे.

उपचार साधे आहेत आणि म्हणूनच लोकांना पटत नाहीत. शेक, वेदनाशामक गोळी (किडनी, अल्सर, हृदयविकार किंवा रक्त पातळ करणारं औषध असेल तर ती डॉक्टरांना विचारूनच), आणि जड उचलणं काही आठवडे बंद. छातीला पट्टा करकचून बांधू नका. पट्ट्याने बरं वाटतं, पण श्वास उथळ होतो आणि फुप्फुसाच्या तळाशी कफ साचतो. उलट, तासाला काही वेळा मुद्दाम खोल श्वास घ्या, दुखरी बाजू उशीने धरून. तडा असेल तर भरायला साधारण सहा आठवडे, कूर्चेचा दाह असेल तर काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत, मध्ये मध्ये डोकं वर काढत. आणि ती जागा दाबून बघणं थांबवा. दुखतंय का अजून, म्हणून दिवसातून वीस वेळा अंगठ्याने तपासणारे पेशंट मी पाहतो. सांधा बरा व्हायला निघतो आणि अंगठा त्याला परत आणून बसवतो.

भीतीनेही छाती दुखते, हे खरं आहे. श्वास भराभर आणि वरवर होतो, छातीचे स्नायू आखडतात, बोटांना मुंग्या येतात. पण हे निदान बाकी सगळं बघून झाल्यावर करायचं असतं, आधी नव्हे. तुमच्या बाबतीत मला क्रम असा दिसतो: आधी खोकला, त्याने बरगडी धरली, बरगडीने धास्ती लावली, आणि धास्तीमुळे तुम्ही श्वास जपून घेताय, म्हणून ती बाजू आणखी आखडतेय.

थोडक्यात, आत्ता तुम्ही एवढं करा. आज-उद्या दोन मजले तुमच्या नेहमीच्या वेगाने चढा, हात मोकळे सोडून, आणि छातीत आवळतं का ते बघा. आवळलं तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नाही आवळलं, तरी या आठवड्यात एकाच डॉक्टरकडे जा, शर्ट काढून तपासून घ्या, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल बघून घ्या. चाळिशीनंतर ते तसंही व्हायला हवं. आणि आत गेल्यावर ‘छातीत दुखतंय’ने सुरुवात करू नका. ‘पंधरा दिवस खोकला होता, त्यानंतर इथे दुखायला लागलं’ असं म्हणा, आणि एका बोटाने जागा दाखवा.